अधीर नायक : भुसा भरलेल्या खेळण्यांच्या कथांतील नायकत्वाचा प्रश्न

१

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त आणि पुढे धनंजयाच्या 'दशरूपका'त नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत : धीरललित, धीरप्रशान्त, धीरोदात्त आणि धीरोद्धत. या चारही सामासिक संज्ञांचे उत्तरपद बदलते, पूर्वपद मात्र कायम राहते. राम आणि रावण यांच्यात कितीही अंतर कल्पिले तरी 'धीर' या गुणापुरते ते दोघे एकाच वर्गात बसतात. प्रणयात रमलेला वत्सराज उदयन असो की दारिद्र्याने गांजलेला चारुदत्त, त्याचे चित्त प्रसंगी विचलित होईल, पण त्याची मूळ घडण ढळणार नाही, हे या वर्गीकरणाचे गृहीतक आहे. ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकेतील नायक कोसळतो खरा, पण कोसळण्यासाठी त्याला आधी उंची असावी लागते. स्वतःच्या बळावर उभा असलेला, क्रिया करणारा, कथेच्या वाक्यातील कर्ता म्हणजे नायक, ही समजूत दोन्ही परंपरांत खोलवर रुजलेली दिसते.

विसाव्या शतकातील इंग्रजी बालसाहित्याने या समजुतीला एका क्षुल्लक दिसणाऱ्या ठिकाणाहून धक्का दिला. कापड शिवून आत भुसा किंवा कापूस भरलेले खेळणे तेथे कथेच्या केंद्रस्थानी आले. या नायकाला बहुधा स्वतःहून हालचालही करता येत नाही. तो घाबरतो, लाजतो, रडतो. आपण टाकून दिले जाऊ या शंकेने तो आतून पोखरलेला असतो. कर्तृत्वहीन माणसासाठी मराठीत 'कळसूत्री बाहुले' हा शब्दप्रयोग आहे, आणि बुद्धिहीनाच्या डोक्यात भुसा भरलेला असतो असे आपली बोली सांगते. भाषेने ज्याला कर्तृत्व आणि बुद्धी या दोन्ही गोष्टी नाकारल्या आहेत, त्यालाच या कथा नायकाच्या आसनावर बसवतात. ही केवळ गंमत आहे, की नायकत्वाच्या संकल्पनेविषयी त्या काही मूलभूत सांगू पाहत आहेत, हा येथील विवेचनाचा प्रश्न आहे.

मार्जरी विल्यम्स यांची 'द व्हेल्व्हेटीन रॅबिट' (१९२२) ही दीर्घकथा आणि ए. ए. मिल्न यांचे 'द हाउस ॲट पू कॉर्नर' (१९२८) हे पुस्तक यांच्या आधारे हा प्रश्न तपासता येतो. या नायकाची भावनिक भंगुरता हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या अस्तित्वाची अट आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही अट मान्य केल्यानंतर नायकत्व उरते काय आणि कोणत्या रूपात, या प्रश्नाला दोन संहिता दोन वेगळी उत्तरे देतात. बालसाहित्य म्हणून बाजूला ठेवल्या जाणाऱ्या या संहितांतील मतभेद साहित्यविचाराच्या दृष्टीने गंभीर आहे.

२

खेळण्याचे द्रव्य कोणते आहे यावर त्याच्या कथेचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. कार्लो कोलोदी यांचा पिनोकिओ (१८८३) लाकडाचा आहे. शेकोटीत त्याचे पाय जळतात, आणि जेपेत्तो नवे पाय कोरून देतो. लाकूड तुटते, जळते, पण पुन्हा घडवता येते. म्हणून पिनोकिओची कथा सुधारणेची कथा होते. तो चुकतो, शिक्षा भोगतो, कष्ट करू लागतो आणि अखेरीस खऱ्या मुलाचे रूप मिळवतो. त्याचे खरे होणे हे त्याने कमावलेले फळ आहे.

कापडाचे तसे नाही. कापड एकदम मोडत नाही, ते झिजते. त्याचा रंग उतरतो, शिवण उसवते, भुसा एका बाजूला जमतो. ही झीज कोणा शत्रूमुळे होत नाही. ज्याच्या मिठीत खेळणे असते त्याच्याच हातांनी ती होते. मऊपणा हा त्याचा गुण, आणि त्याच गुणामुळे त्याचा क्षय. मिल्न यांच्या मुलाची मूळ खेळणी, म्हणजे पू, पिग्लेट, ईयोर, कांगा आणि टिगर, १९८७ पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. रू मात्र १९३०च्या दशकातच हरवला. काचेआडच्या या जीर्ण वस्तूंकडे पाहताना प्रेम आणि झीज ही एकाच प्रक्रियेची दोन नावे आहेत हे दृश्य रूपात समजते. लाकडी बाहुल्याच्या कथेत काळ शिक्षकाचे काम करतो. कापडी खेळण्याच्या कथेत तो कापडातच साठत जातो.

या खेळण्यांच्या जन्मकथेतही दया आणि हिंसा यांची विचित्र सरमिसळ आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीतील शिकारीत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला, मात्र त्या जखमी प्राण्याला वेदनेतून सोडवण्यासाठी मारून टाकण्यास सांगितले. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्राने यातील पहिला भाग अमर केला. दुसरा भाग विसरला गेला. व्यंगचित्रातील त्या भेदरलेल्या अस्वलावरून ब्रुकलिनमध्ये मॉरिस मिक्टम यांनी 'टेडी'चे अस्वल बाजारात आणले आणि त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीनेही कापडी अस्वल तयार केले. हे खेळणे लोकप्रिय झाले ते भीतिदायक प्राण्याची प्रतिकृती म्हणून नव्हे. भ्यालेल्या प्राण्याचे रूप म्हणून. विल्यम्स आणि मिल्न यांना ही भंगुरता शोधावी लागली नाही. ती त्यांच्या साहित्यद्रव्यातच होती.

३

'द व्हेल्व्हेटीन रॅबिट'चे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. व्हेल्व्हेटीन म्हणजे रेशमी मखमल नव्हे, मखमलीसारखे दिसणारे सुती कापड. म्हणजे नायक दुहेरी अनुकृती आहे : सशाची आणि मखमलीची. नाताळच्या दिवशी तो मुलाच्या हाती येतो, दोन तास कौतुक होते आणि मग तो खेळण्यांच्या कपाटात विसरला जातो. कपाटातील समाजाचे चित्रण विल्यम्स यांनी सौम्य पण नेमक्या उपरोधाने केले आहे. चावीची खेळणी स्वतःला आधुनिक समजतात, रंग उडालेली बोट तांत्रिक शब्दांत बोलते. अपंग सैनिकांनी बनवलेला लाकडी सिंह तरी उदार असावा, पण तोही सरकारशी आपले संबंध असल्याचा आव आणतो. १९२२च्या वाचकाला हा सिंह केवळ विनोदी वाटला असेल असे मानणे कठीण आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विकलांग सैनिकांची आणि त्यांच्या हातांना दिलेल्या कामाची ही खूण बालकथेत जाता जाता येते. खेळण्यांच्या जगातील प्रतिष्ठेची उतरंड बाहेरच्या जगातून आली आहे एवढे ती सांगून जाते. या समाजात भुशाचा ससा सर्वांत खालच्या पायरीवर असतो, कारण त्याच्या आत यंत्र नाही आणि तो कशाचाही 'नमुना' असल्याचा दावा करू शकत नाही.

त्याला तत्त्वज्ञान शिकवतो तो कातडी घोडा. तोही जीर्ण आहे. त्याच्या शेपटीचे केस मण्यांच्या माळा ओवण्यासाठी उपटले गेले आहेत. त्याच्या मते 'खरे' असणे हा घडणीचा भाग नाही. मूल दीर्घकाळ मनापासून प्रेम करते तेव्हा खेळणे खरे होते; त्यात वेदना असते, आणि तोवर खेळण्याचे रूप बहुधा नाहीसे झालेले असते. या सिद्धान्ताचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. पिनोकिओ खरा होतो तो कर्माने, म्हणजे कृतीने. ससाही खरा होतो तो कर्म होऊन, पण येथे 'कर्म' हा शब्द व्याकरणातल्या अर्थाने घ्यावा लागतो. प्रेम करण्याच्या क्रियेचा कर्ता मुलगा आहे. ससा त्या क्रियेचे कर्म आहे. कथेच्या मध्यभागी कर्मस्थानी असलेला नायक बसवणे हे विल्यम्स यांचे मूळ धाडस.

हे प्रेम योगायोगाने सुरू होते, हेही लेखिका लपवत नाही. झोपताना हवा असलेला चिनीमातीचा कुत्रा सापडत नाही, म्हणून दाई हाताला लागेल ते खेळणे देते. पुढे ससा खरा असल्याची मुलाची घोषणाही एका कुरबुरीतून जन्मते. बागेत राहिलेला ससा शोधायला लागल्याने दाई खेळण्यापायी एवढा गोंधळ कशाला म्हणून त्रागा करते, आणि मुलगा तिला उलट उत्तर देतो. सशाच्या अस्तित्वाला मिळालेले प्रमाणपत्र हे असे एका हट्टी मुलाच्या तोंडचे वाक्य आहे. ससा त्या वाक्यावर आपले सर्वस्व उभे करतो. म्हणून रानातले सजीव ससे जेव्हा त्याला मागचे पाय नाहीत हे पाहतात, त्याचा वास वेगळा आहे असे म्हणतात आणि तो खरा नसल्याचा निकाल देतात, तेव्हा त्याच्यापाशी एकच पुरावा उरतो : मुलगा तसे म्हणाला आहे. बालकथेत एवढी एकाकी साक्ष क्वचितच आली असेल.

या प्रसंगात 'खरे' या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. कातडी घोड्याच्या लेखी खरेपणा संबंधातून निर्माण होतो. रानसशांच्या लेखी तो देहात असतो. कथेची सारी उत्तरार्धातील गती या दोन अर्थांच्या संघर्षातून येते, आणि तिचा मोठा वाङ्मयीन पेचही तेथेच आहे.

मुलाला स्कार्लेट फीव्हर होतो. आजाराच्या काळात ससा पांघरुणाखाली लपून राहतो. आपण सापडलो तर नेले जाऊ ही त्याची भीती आहे, पण मुलाला आपली गरज आहे हेही त्याला ठाऊक आहे. तो मुलाच्या कानाशी बागेतल्या खेळांच्या बेतांबद्दल कुजबुजत राहतो. नायकाची 'कृती' म्हणून कथेत काही शोधायचे असेल तर ती ही : हालचाल न करता, घाबरलेल्या अवस्थेत, जागा न सोडणे. त्यानंतर डॉक्टर जंतूंच्या भयाने तो जाळून टाकण्यास सांगतात. ससा पोत्यात भरून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकला जातो. माळ्याला बटाटे आणि वाटाणे काढायचे असल्याने जाळण्याचे काम दुसऱ्या दिवसावर जाते. मुलगा काचेच्या डोळ्यांच्या नव्या सशासह झोपतो आणि त्याचे सारे लक्ष समुद्रावरच्या सहलीकडे लागलेले असते. या प्रकरणात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकाने आपापले काम केले आहे. आणि त्या सर्व निर्दोष कामांची बेरीज म्हणजे पोत्यातला ससा.

येथे सशाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. या अश्रूवर भावविवशतेचा आरोप होऊ शकतो, पण तो टिकत नाही. भावविवश लेखन दुःखाचे कारण अंधुक ठेवून दुःखाचा उपभोग घेते. विल्यम्स यांच्या कथेत कारण लख्ख आहे, आणि सशाला पडलेला प्रश्न हा फलश्रुतीचा आहे : कातडी घोड्याचा सिद्धान्त खरा ठरला, किंमत पुरेपूर मोजून झाली, आणि पदरी आली ती राख होण्याची प्रतीक्षा, मग त्या सिद्धान्ताचे मोल काय? हा प्रश्न करुणरसाचा तर आहेच, पण त्यात तर्कही आहे.

कथा या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. अश्रूतून फूल उगवते, फुलातून परी येते आणि सशाला रानातला सजीव ससा करते. आजवर तो मुलापुरता खरा होता, आता तो सर्वांसाठी खरा आहे. तात्त्विकदृष्ट्या ही माघार आहे. कातडी घोड्याची व्याख्या मागे पडते आणि रानसशांची व्याख्या जिंकते. मागचे पाय मिळाले म्हणून खरे, असे जर शेवटी ठरायचे, तर कपाटातल्या त्या जीर्ण घोड्याचे काय? तो आपल्या व्याख्येसह मागे राहतो, आणि कथा त्याच्याकडे वळून पाहत नाही.

४

ही माघार का घडली असावी याचा विचार करताना डी. डब्ल्यू. विनिकॉट यांची मांडणी उपयोगी पडते. 'संक्रमणवस्तू' ही त्यांची संकल्पना १९५१ साली वाचलेल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात येते. तान्ह्या मुलाची गोधडी, चिंधी किंवा मऊ खेळणे ही वस्तू धड 'मी' नसते आणि धड 'बाहेरचे जग' नसते. ती मुलाने कल्पिली की त्याला बाहेरून मिळाली, हा प्रश्न विचारायचा नाही असा मोठ्यांचा आणि मुलाचा अलिखित करार असतो. या वस्तूने अतिरेकी प्रेम, द्वेष आणि मोडतोड यांतून टिकून राहायचे असते. कालांतराने मूल तिच्यातून मन काढून घेते. विनिकॉट यांच्या मते ती विसरली जात नाही आणि तिच्यासाठी शोकही केला जात नाही. तिचा अर्थ हळूहळू विरून जातो आणि ती एका अधांतरी अवस्थेत जाते. १९७१च्या 'प्लेइंग अँड रिॲलिटी' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी मिल्न यांच्या पूचा उल्लेखही केला आहे.

विनिकॉट यांचे वर्णन निरोगी वाढीचे आहे, आणि ते मुलाच्या बाजूने केलेले आहे. वस्तूला बाजू नसते, म्हणून त्या अधांतरी अवस्थेत शोकात्म असे काही नाही. भुसा भरलेल्या खेळण्याची कथा नेमकी याच ठिकाणी हस्तक्षेप करते. ती निवेदनाचा दृष्टिबिंदू मुलाकडून काढून वस्तूकडे देते. एवढ्या एका बदलाने मानसशास्त्रातील सुखान्त वाढ साहित्यात परित्यागाची कथा होते. मुलगा बरा झाला, समुद्रावर गेला, मोठा होऊ लागला ही आनंदाची वार्ता आहे, आणि त्याच वाक्यात पोत्यातल्या सशाचा विनाश आहे. नायकाची भंगुरता ही त्याच्या मनोवृत्तीची गोष्ट नाही असे वर म्हटले ते या अर्थाने. ज्याचे असणे दुसऱ्याच्या गरजेवर टेकलेले आहे आणि ती गरज संपणे हेच दुसऱ्याच्या आरोग्याचे लक्षण आहे, त्याला धीर कोठून येणार?

हा प्रश्न खेळण्यांपुरता राहत नाही. प्रेमविषय होण्यातूनच मी खरा होतो, ही धारणा माणसांच्या जगातही अनेकांच्या, विशेषतः परावलंबी जीवन वाट्याला आलेल्यांच्या, अनुभवात असते. तिचा दिलासा मोठा आहे, तशी तिची क्रूरताही मोठी आहे. प्रेमाने जर खरेपण येते, तर प्रेम न मिळालेला खोटा ठरतो. कपाटातल्या इतर खेळण्यांविषयी कातडी घोड्याच्या सिद्धान्ताला काहीच म्हणायचे नाही. विल्यम्स यांची परी ही या क्रूरतेपासून वाचकाला सोडवण्यासाठी आलेली आहे, पण ती प्रश्न सोडवत नाही. प्रश्नाबाहेर नेऊन ठेवते.

५

मिल्न यांच्या जगात परी नाही. 'विनी-द-पू' (१९२६) आणि 'द हाउस ॲट पू कॉर्नर' या पुस्तकांतील प्राणी खेळणी आहेत हे निवेदक लपवत नाही, परंतु रानात गेल्यावर त्यांना खरेपणाचा प्रश्न पडत नाही. ख्रिस्तोफर रॉबिनचे प्रेम त्यांना हवे असते, तरी त्यांच्या अस्तित्वाचा दाखला त्याच्या खिशात नाही. त्यामुळे भंगुरतेचे रूपही बदलते. ईयोरचे कायमचे विषण्णपण आणि पिग्लेटचे कायमचे भय या दोन स्वभावरेषांत ती वाटली जाते. पैकी पिग्लेट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पिग्लेटची ओळख म्हणजे त्याचे लहानपण. त्याला संकटात नेहमी आठवते ते हेच, की आपण फार लहान प्राणी आहोत. रानातील आउल आणि रॅबिट ही दोन पात्रे मात्र मुळात खेळणी नाहीत. मिल्न यांनी ती नव्याने घातली आणि ई. एच. शेपर्ड यांनी ती नैसर्गिक पक्ष्या-प्राण्यासारखी रेखाटली. एके ठिकाणी रॅबिट आउलला ऐकवतो की विचार करण्याजोगा मेंदू काय तो आपल्या दोघांनाच आहे, बाकीच्यांत भरताड आहे. मेंदू आणि भुसा यांची ही उतरंड मिल्न यांनी विनोदाने मांडली आणि कृतीने उलटवली.

उलटापालटीचा प्रसंग 'पू कॉर्नर'च्या आठव्या प्रकरणात येतो. वादळात आउलचे घर असलेले झाड कोसळते; आउल, पू आणि पिग्लेट आत अडकतात. पूला युक्ती सुचते : पत्रांच्या टोपलीतून ओवलेल्या दोरीने पिग्लेटला वर ओढायचे आणि त्याने पत्रपेटीच्या फटीतून बाहेर पडून मदत आणायची. म्हणजे ज्या लहानपणाने पिग्लेट आजवर घाबरत आला तेच आता उपयोगी पडणार असते. तो घाबरतो, दोरी तुटेल का याची चौकशी करतो, आणि जातो. याचे गाणे केले जाईल असे आश्वासन पूने त्याला दिलेले असते.

पुढील प्रकरणात पू ते गाणे पिग्लेटला म्हणून दाखवतो, आणि येथे मिल्न यांची प्रतिभा खऱ्या अर्थाने दिसते. गाण्यात पिग्लेट जराही डगमगला नाही असे म्हटले आहे. पिग्लेटला ते ऐकून आनंद होतो, पण तो अस्वस्थही होतो. आपण सुरुवातीला थोडे डगमगलो होतो हे त्याला माहीत आहे, आणि तो ते प्रामाणिकपणे बोलून दाखवतो. आपण खरेच हे सारे केले का, या त्याच्या शंकेवर पूचे उत्तर असे की काव्यात ते आलेले आहे आणि लोकांना कळते ते काव्यामुळेच. वीरचरित्राच्या निर्मितीवर एवढे मार्मिक भाष्य फार थोड्या ग्रंथांत सापडेल. चारणाने वीराला घडवायचे आणि वीराने चारणाचे शब्द मुकाट स्वीकारायचे हा प्राचीन संकेत आहे. पिग्लेट तो संकेत मोडत नाही, पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो : धैर्य होते आणि थरकापही होता.

यानंतर लगेच घडणारी घटना निर्णायक आहे. बेघर झालेल्या आउलसाठी ईयोरने घर शोधून काढलेले असते, आणि ते घर नेमके पिग्लेटचेच निघते. ईयोरला त्याचा पत्ता नसतो. पिग्लेट पूच्या गाण्यातील शब्दांचा विचार करीत, जणू स्वप्नात असल्यासारखा, ते घर आउलला योग्यच आहे असे सांगून टाकतो. मग पू त्याला आपल्या घरी राहायला बोलावतो. घटनांचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. पत्रपेटीतून जाण्याची कृती आधी घडली आणि गाणे नंतर आले; घर देण्याच्या बाबतीत गाणे आधी आहे आणि कृती नंतर. जे विशेषण अर्धवट खरे होते ते पिग्लेट स्वतःच्या कृतीने पूर्ण खरे करतो. संस्कृत काव्यशास्त्रात वीररसाचे युद्धवीर, धर्मवीर, दानवीर असे भेद सांगितले आहेत. पिग्लेट दानवीर आहे, आणि त्याच्या दानाचा स्थायिभाव उत्साह आहे की संकोच, हे ठरवणे कठीण आहे. शास्त्राच्या चौकटीत न बसणारा हा वीर शास्त्राच्या एका कोपऱ्यात मात्र हक्काने उभा राहतो.

सशाला आणि पिग्लेटला दुसऱ्याच्या शब्दाने घडवले आहे. या अर्थाने दोघेही सारखेच परावलंबी. फरक असा, की सशाला मिळालेला शब्द त्याच्या असण्याविषयी आहे, पिग्लेटला मिळालेला त्याच्या करण्याविषयी. असण्याविषयीचा शब्द देणाऱ्याने परत घेतला की काहीच उरत नाही. करण्याविषयीच्या शब्दाला पात्र होण्याची वाट खुली असते.

६

विल्यम्स यांच्या सिद्धान्तातील धोका पुढील काळातील कलावंतांनी ओळखलेला दिसतो. ली अंक्रिच दिग्दर्शित 'टॉय स्टोरी ३' (२०१०) या चित्रपटातील लॉट्सो हे स्ट्रॉबेरीचा गंध असलेले अस्वल प्रवासात मागे राहते, धडपडत घरी परतते आणि खिडकीतून पाहते तो मुलीच्या कुशीत तसेच दुसरे अस्वल. मखमली सशाच्या आयुष्यातील काचेच्या डोळ्यांच्या नव्या सशाचा हाच प्रसंग आहे. लॉट्सोने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र वेगळा आहे : आपली जागा दुसऱ्याने भरून निघत असेल, तर सर्व खेळणी कचराच. तो पाळणाघरातील खेळण्यांचा हुकूमशहा होतो. भंगुरता आपोआप माणसाला कोमल करते या भाबड्या समजुतीला हे चोख उत्तर आहे. या चित्रपटातही जळणे आहेच. भट्टीकडे सरकताना सुटकेचा मार्ग संपला हे कळल्यावर खेळणी एकमेकांचे हात धरतात. त्यांना वाचवणारा यंत्राचा पंजा हा परीचाच आधुनिक अवतार असला, तरी पंजा येण्यापूर्वीचे ते हात धरणे कोणाच्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नाही.

केट डिकॅमिलो यांच्या 'द मिरॅक्युलस जर्नी ऑफ एडवर्ड टुलेन' (२००६) या कादंबरीत प्रश्नाची दिशाच बदलली आहे. तिचा नायक चिनीमातीचा ससा. त्याच्यावर आरंभापासून अपार प्रेम केले जाते, आणि त्याचा काडीचाही परिणाम त्याच्यावर होत नाही. हरवत, हस्तांतरित होत, अखेरीस फुटत तो प्रेम करायला शिकतो. प्रेम मिळणे पुरेसे नाही. क्रियेच्या कर्तेपणाकडे सरकले पाहिजे, असे ही कादंबरी सुचवते. कापडाऐवजी फुटणारे द्रव्य निवडले जाण्यामागेही हेच कारण असावे. या नायकाला झिजण्याची नव्हे, तडा जाण्याची गरज होती.

७

या नंतरच्या कृतींच्या प्रकाशात 'द व्हेल्व्हेटीन रॅबिट'चा शेवट पुन्हा वाचला तर परीच्या प्रवेशाने झालेली माघार अखेरची नव्हती हे लक्षात येते. परीनंतरही कथेत एक छोटा प्रसंग आहे. वसंतात मुलगा रानाच्या कडेला खेळत असताना दोन ससे बाहेर येतात. त्यांतल्या एकाच्या लोकरीखाली जुन्या ठिपक्यांच्या पुसट खुणा दिसतात. मुलाला आपल्या हरवलेल्या सशाची आठवण होते, पण हा तोच आहे हे त्याला कधीच कळत नाही.

परीने नवा देह दिला, पण झिजेच्या खुणा पुसल्या नाहीत. कातडी घोड्याने सांगितलेला खरेपणा रानसशांच्या खरेपणाखाली, लोकरीच्या आत, टिकून राहिला आहे. शिवाय या प्रसंगात कथेचे व्याकरण उलटते. आजवर मुलगा पाहत होता आणि ससा पाहिला जात होता. त्या दृष्टीवर सशाचे असणे अवलंबून होते. आता ससा मुलाला पाहायला आला आहे. त्याला ओळख मिळत नाही, आणि तिच्याविना त्याचे काही अडतही नाही. पाहण्याच्या क्रियेचा तो प्रथमच कर्ता झाला आहे. परीने मागचे पाय दिले. त्या पायांनी कोठे जायचे हे सशाने ठरवले. जो आपल्याला विसरला त्याच्याकडे रागाविना आणि अपेक्षेविना परत जाऊन एक नजर टाकण्याची ही कृती लॉट्सोला जमली नाही. संपूर्ण कथेत सशाच्या नावावर लिहावी अशी नायकोचित कृती कोणती, तर आजारपणातल्या त्या थांबण्याइतकीच ही.

ससा आणि पिग्लेट यांच्या कथांतून नायकत्वाविषयी जे हाती लागते ते 'धीर' या पूर्वपदाला पर्याय देणारे नाही. त्या पदाचा अर्थ मात्र ते तपासायला लावते. परंपरेने धीर हा नायकाचा आरंभीचा गुण मानला. या कथांत तो आरंभी नसतो. थरकाप असताना फटीतून बाहेर पडणे, भीती असताना पांघरुणाखाली राहणे, विसरले गेल्यावर पाहायला येणे अशा कृतींनंतर मागे वळून पाहता तो सापडतो, आणि तोही अपुरा, डागाळलेला, थोडा डगमगलेला. ज्यांच्या वाट्याला स्वावलंबनाची उंची आली नाही, ज्यांचे असणेच दुसऱ्याच्या आपुलकीवर उभे आहे, अशांच्या नायकत्वाचा विचार साहित्यशास्त्राला करायचा असेल, तर त्याला या भुसा भरलेल्या अधीर नायकांसाठी आपल्या वर्गीकरणात पाचवी जागा करावी लागेल. निदान पहिल्या चार जागांतील 'धीर' कोणाच्या आधारावर उभा होता, हे तरी विचारावे लागेल.